स्मिर्ना आणि इझ्मीर : एका बंदराच्या नावांचा इतिहास

शंभर वर्षांपूर्वी छापलेला एखादा नकाशा उघडला, तर आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर, एजियन समुद्राच्या एका खोल आखातात, 'स्मर्ना' हे नाव ठळक अक्षरांत दिसते. आजच्या नकाशात त्याच जागी 'इझ्मीर' असे लिहिलेले असते. कोशांत पाहावे, तर 'इझ्मीर (जुने नाव स्मर्ना)' एवढ्या एका कंसात सारा प्रश्न मिटवलेला असतो. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की, स्मर्ना नावाचे एक ग्रीक शहर होते, इ. स. १९२२ मध्ये ते तुर्कांनी घेतले आणि त्याचे नाव बदलून इझ्मीर ठेवले. ही समजूत सुटसुटीत आहे, पण ती बरोबर नाही. या कंसामागे जवळजवळ साडेआठ हजार वर्षांची वस्ती, निदान पाच-सहा भाषा आणि लाखो माणसांची परागंदा झालेली घरे दडलेली आहेत. ती उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इतक्या दूरच्या शहराशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आपल्या राजकीय इतिहासातील एका महत्त्वाच्या पर्वाशी आहे. त्याकडे आम्ही यथाक्रम येऊच. प्रथम नावाचा विचार करू.

आपल्याकडे खेड्यातला मनुष्य 'स्कूल' न म्हणता 'इस्कूल' म्हणतो, 'स्टेशन'चे 'इस्टेशन' करतो. शब्दाच्या आरंभी आलेले जोडाक्षर जिभेला जड जाते, म्हणून तिच्या सोयीसाठी पुढे एक 'इ' येऊन बसते. तुर्की भाषेची प्रकृती नेमकी अशीच आहे. इटालियन 'स्काला' म्हणजे धक्का. त्याचे तुर्कीत 'इस्केले' झाले. 'स्टेशन'चे तुर्की रूप 'इस्तास्योन' आहे. मग 'स्मिर्ना'चे 'इझ्मीर' व्हावे यात नवल ते काय? 'शहराकडे' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दप्रयोगातून जसे 'इस्तंबूल' आले असे सांगतात, तसेच 'स्मिर्नेकडे' या प्रयोगातून 'इझ्मीर' आले, असेही काही विद्वान मानतात. कोणताही मार्ग धरला, तरी 'इझ्मीर' म्हणजे तुर्की तोंडात रुळलेले 'स्मिर्ना'च होय. हे नाव बदललेले नाही; ते उच्चारले गेले आहे.

पण 'स'चा 'झ' कोठून आला? तोही तुर्कांनी आणलेला नव्हे. आजचे ग्रीक लोक लिहितात 'स्मिर्नी', परंतु उच्चार करतात 'झ्मिर्नी' असाच. ही सवय फार जुनी आहे. रोमन अमदानीत या शहराने पाडलेल्या नाण्यांवर कधी 'स्मिर्नावासीयांचे', तर कधी 'झ्मिर्नावासीयांचे' अशी दोन्ही रूपे कोरलेली सापडतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील विनोदी लेखक लुशियन याच्या नावावर एक गमतीचा लेख आहे. त्यात वर्णमालेतील 'सिग्मा' हे अक्षर न्यायसभेपुढे फिर्याद घेऊन उभे राहते आणि इतर अक्षरांनी आपल्यावर केलेल्या अतिक्रमणांचा पाढा वाचते. त्यात 'झीटा'ने आपली सारी स्मिर्ना लाटली, अशीही एक तक्रार आहे! तेव्हा इझ्मीरमधला 'झ' तुर्क अनातोलियात येण्यापूर्वी हजार वर्षे त्या शहरात नांदत होता.

याला एक बाहेरचा साक्षीदारही आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इ. स. १३३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या शहरी गेला होता. हाच पुढे दिल्लीस महंमद तुघलकाच्या पदरी काझी झाला आणि आपल्या दौलताबादेसही येऊन गेला. त्याने या समुद्रकाठच्या शहराचे नाव 'यझमीर' असे लिहून ठेवले आहे. शहराचा बराचसा भाग उजाड असल्याचेही तो सांगतो. म्हणजे १९२२ च्या पूर्वी जवळजवळ सहाशे वर्षे हे रूप प्रचारात होते. उस्मानी दफ्तरांत तेच चाले. इटालियन व्यापारी 'स्मिर्ने' म्हणत, आर्मेनियन 'झ्म्युर्निया' म्हणत, आणि इंग्रजीमार्फत आपल्याकडे आले ते 'स्मर्ना'. ही सारी एकाच नावाची घरोघरची रूपे आहेत.

मूळ नावाचा अर्थ काय, याविषयी एकमत नाही. प्राचीन ग्रीकांनी स्मिर्ना नावाच्या एका रणरागिणीची कथा सांगून तो प्रश्न सोडवला. ग्रीक भाषेत याच शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याकडे बाळंतिणीच्या औषधांत येणारा हिराबोळ असा आहे. पण शहराचे नाव त्यावरूनच पडले, असे सिद्ध करता येत नाही. ग्रीक वसाहतवाले येण्यापूर्वीच्या एखाद्या अनातोलियन भाषेतून ते आले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. तसे असेल, तर ज्या नावाला आपण 'अस्सल ग्रीक' म्हणून मिरवतो, तेही ग्रीकांनी कोणाकडून तरी घेतलेलेच ठरते.

आता शहराकडे वळू. या आखाताच्या परिसरात येशिलोवा येथे इसवी सनापूर्वीच्या सातव्या सहस्रकातील शेतकऱ्यांची वस्ती सापडली आहे. तिचा शोध इ. स. २००३ मध्ये लागला. ऐतिहासिक स्मिर्नेचे पहिले ठिकाण मात्र आखाताच्या ईशान्य कोपऱ्यातील आजचे बायराक्ली हे होय. तेथे इ. स. १९४८ ते १९५१ या काळात तुर्की संशोधक एक्रेम आकुर्गाल आणि इंग्रज संशोधक जॉन कुक यांनी मिळून उत्खनन केले, आणि अथीनादेवीचे मंदिर, तटबंदी व घरे उजेडात आणली. एका तुर्काने आणि एका इंग्रजाने मिळून ग्रीक देवीचे मंदिर खणून काढावे, ही गोष्ट आम्हांला या शहराच्या इतिहासात विशेष समाधानाची वाटते.

या पहिल्या शहराविषयी हिरोडोटसने एक हकीकत सांगितली आहे. स्मिर्ना आरंभी इओलियन ग्रीकांची होती. शेजारच्या कोलोफोन नगरातून यादवीत हरलेले काही आयोनियन ग्रीक परागंदा होऊन तेथे आले, आणि स्मिर्नेच्या लोकांनी त्यांना आसरा दिला. पुढे एके दिवशी सारे नागरिक तटाबाहेर डायोनिससचा उत्सव करीत असता या आश्रितांनी वेशी बंद करून शहर बळकावले. इतर इओलियन मदतीस धावले; अखेर तह ठरला. तो असा की, आयोनियनांनी इओलियनांची जंगम चीजवस्तू परत द्यावी आणि इओलियनांनी शहर सोडावे. निघालेल्या लोकांना उरलेल्या अकरा इओलियन नगरांनी आपसांत वाटून घेतले. वाचकांनी हा तह ध्यानात ठेवावा. या शहराच्या लेखी इतिहासातील हा पहिला ठळक प्रसंग, आणि तो आहे घरे सोडून जाण्याच्या कराराचा. जाणारेही ग्रीक आणि राहणारेही ग्रीक! पुढे अडीच हजारांहून अधिक वर्षांनी दुसरा असाच करार व्हावयाचा होता.

इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास लिडियाचा राजा अल्याटीस याने हे शहर पाडले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे लोक तेथे विखुरलेल्या वस्त्यांतून राहत होते. अलेक्झांडर पागोस टेकडीवर एका झाडाखाली झोपला असता त्याला देवतांनी स्वप्नात येऊन नवे शहर वसवण्याची आज्ञा केली, अशी दंतकथा पॉसेनियसने नोंदवली आहे. प्रत्यक्षात ते काम त्याच्या सेनापतींनी, अँटिगोनस आणि लायसिमाकस यांनी केले. ते शहर दक्षिणेस, आज 'कादिफेकाले' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या पागोस टेकडीच्या पायथ्याशी वसले. लायसिमाकसने त्याला आपल्या मुलीवरून 'युरिडिकेया' असे नाव दिले. त्या नावाची नाणीही पाडली. लायसिमाकस गेला आणि नावही गेले. या शहराच्या इतिहासात फर्मानाने खरोखर नाव बदलण्याचा एक प्रयत्न झाला, तो हा. आणि तो एका ग्रीकभाषी राजाने केला होता.

रोमनांशी या शहराने फार लवकर मैत्री जोडली. इसवी सनापूर्वी १९५ मध्येच त्याने रोमा देवतेचे मंदिर उभारले. साम्राज्याच्या काळात इफेसस, पर्गमम आणि स्मिर्ना यांच्यात 'आशियातील पहिले नगर' या बिरुदासाठी अहमहमिका चाले. इ. स. १७८ च्या सुमारास मोठा भूकंप होऊन शहर जमीनदोस्त झाले. तेव्हा एलियस अरिस्टायडिस या वक्त्याने सम्राट मार्कस ऑरेलियसला पत्र धाडून साहाय्य मागितले; ते वाचताना सम्राटाच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्याने शहर पुन्हा बांधून देण्याची व्यवस्था केली, असे सांगतात. त्या पुनर्बांधणीतील चौकाचे खांब आणि तळघरांच्या कमानी आजही शहराच्या मध्यभागी उभ्या आहेत. आरंभीच्या ख्रिस्ती समाजाच्या सात प्रमुख मंडळ्यांत स्मिर्नेची गणना होती, आणि तेथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याला दुसऱ्या शतकाच्या मध्यास येथेच देहान्त शासन झाले.

मधल्या काळातील घडामोडी आम्ही थोडक्यात सांगतो. अकराव्या शतकाच्या अखेरीस चाका नावाच्या तुर्की सरदाराने येथे आरमार बांधले. काही वर्षांत ते शहर बायझंटाइनांनी परत घेतले. इ. स. १२६१ च्या तहाने जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांना येथे सवलती मिळाल्या. चौदाव्या शतकात आयदिनच्या तुर्की अमिरांनी टेकडीवरचा किल्ला घेतला, आणि इ. स. १३४४ मध्ये पश्चिमेकडील ख्रिस्ती आरमाराने बंदरावरचा किल्ला घेतला. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षे एकाच शहरात दोन शहरे नांदत होती : वर तुर्की इझ्मीर आणि खाली लॅटिन स्मिर्ने. हा दुभंग मिटवला तो दोघांपैकी कोणीही नव्हे, तर इ. स. १३९८ मध्ये दिल्ली लुटणाऱ्या तैमूरलंगाने. इ. स. १४०२ च्या डिसेंबरात त्याने बंदरावरचा किल्ला घेऊन उद्ध्वस्त केला. त्यानंतर शहर उस्मानी सुलतानांकडे गेले आणि जवळजवळ पाचशे वर्षे त्यांच्याकडे राहिले.

त्याचा खरा भाग्योदय झाला तो सतराव्या शतकात. इराणचे रेशीम उंटांच्या तांड्यांवर लादून आर्मेनियन व्यापारी येथे आणीत, आणि इंग्रज, फ्रेंच, डच व व्हेनिसची गलबते ते उचलीत. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांमुळे आपल्या परिचयाचा असलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने आपल्या प्रवासवर्णनात स्मिर्नेहून इस्फहानास जाणाऱ्या तांड्यांच्या वाटेचे सविस्तर वर्णन केले आहे. येथे वखार चालवणाऱ्या इंग्रजांच्या लेव्हंट कंपनीतील कित्येक व्यापारीच इ. स. १६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनी स्थापण्यात पुढे होते. इ. स. १६८८ च्या भूकंपाने शहर पुन्हा पडले, आणि पुन्हा उभे राहिले. एकोणिसाव्या शतकात अंजीर, मनुका, कापूस, अफू आणि गालिचे यांचा व्यापार वाढला. मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, इ. स. १८५६ मध्ये, येथून आयदिनपर्यंत लोहमार्ग टाकण्याची सनद एका इंग्रज कंपनीस मिळाली.

या शहरात तुर्क होते, ग्रीक होते, आर्मेनियन होते, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे वंशज होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेले युरोपीयही होते. प्रत्येकाचा मोहल्ला वेगळा, देऊळ वेगळे, शाळा वेगळी; बाजार मात्र एक. मुसलमानांची संख्या इतर मोठ्या शहरांच्या मानाने कमी, म्हणून तुर्क लोकच त्याला 'गावुर इझ्मीर' म्हणजे 'काफिरांचे इझ्मीर' म्हणत. शहरात ग्रीक अधिक की तुर्क अधिक, याविषयी दोन्ही पक्षांनी पुढे आपापले आकडे छापले. ते एकमेकांशी जुळत नाहीत; कारण ते मोजण्यासाठी नव्हे, तर हक्क सांगण्यासाठी काढलेले होते. म्हणून आम्ही ते येथे देत नाही.

आता आपल्या संबंधाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरले. इ. स. १९१९ च्या मे महिन्याच्या १५ तारखेस दोस्त राष्ट्रांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मिर्नेत उतरले. पहिल्याच दिवशी तुर्की सैनिकांची आणि नागरिकांची हत्या झाली. दोस्तांनीच नेमलेल्या चौकशी समितीने तिचा दोष मुख्यतः ग्रीकांकडे दिला. १० ऑगस्ट १९२० च्या सेव्हर्सच्या तहाने शहराचा कारभार ग्रीसकडे सोपवण्यात आला आणि पाच वर्षांनी लोकमताची तरतूद करण्यात आली. याच सुमारास हिंदुस्थानात खिलाफत चळवळ पेटली होती. तिच्या मध्यवर्ती समितीचे कार्यालय मुंबईत होते, आणि 'अंगोरा फंडा'साठी गावोगाव वर्गणी जमत होती. इ. स. १९२२ च्या मार्चमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारची एक तार मंत्रिमंडळाच्या संमतीवाचून प्रसिद्ध केली. थ्रेस आणि स्मर्ना तुर्कस्तानास परत द्यावे, अशी मागणी तीत होती. ९ मार्चला माँटेग्यूंना राजीनामा द्यावा लागला, आणि १० मार्चला गांधीजींना अटक झाली. लंडनमधील एक मंत्री स्मर्नेच्या प्रश्नावर पडला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी साबरमतीला ही अटक व्हावी, इतके ते शहर तेव्हा आपल्या राजकारणाच्या जवळ आलेले होते.

आपल्या लोकांच्या दृष्टीने स्मर्ना म्हणजे साम्राज्यवाद्यांनी बळकावलेली तुर्की भूमी होती. त्या दृष्टीत सत्य होते. पण त्या शहरात शतकानुशतके राहिलेले ग्रीक आणि आर्मेनियन हेही तिथलेच होते, हे सत्य तीत मावत नव्हते. ९ सप्टेंबर १९२२ रोजी तुर्की सैन्य शहरात शिरले, तेव्हा इकडे विजयोत्सव झाले. माघार घेणाऱ्या ग्रीक सैन्याने वाटेतली मनिसा, अलाशेहिर यांसारखी तुर्की गावे जाळली होती. शहर पडल्यावर ग्रीक धर्मप्रमुख क्रिसोस्तोमोस यांची जमावाने हत्या केली. १३ सप्टेंबरला आर्मेनियन मोहल्ल्यात आग लागली, आणि कित्येक दिवस ती धुमसत राहिली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्ती जळून खाक झाली. मुसलमान आणि ज्यू वस्ती वाचली. धक्क्यावर मागे आग आणि पुढे पाणी अशा कोंडीत लाखो माणसे सापडली; आखातात परकी युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या, आणि त्यांतील पुष्कळांना तटस्थ राहण्याचे हुकूम होते. एसा जेनिंग्ज या अमेरिकन कार्यकर्त्याने खटपट करून ग्रीक जहाजे आणवली, तेव्हा कुठे मोठ्या प्रमाणावर सुटका सुरू झाली. मृतांचे अंदाज दहा हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. आग कोणी लावली? तेथे हजर असलेल्या बहुतेक पाश्चात्त्य साक्षीदारांनी तुर्की सैनिकांकडे बोट दाखवले. तुर्की पक्षाने ग्रीक व आर्मेनियन यांना जबाबदार धरले. कोणता मोहल्ला जळाला आणि कोणता राहिला, ही वस्तुस्थिती मात्र कोणाच्या मतावर अवलंबून नाही.

३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे गेले. ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेक करारापूर्वीच पळून गेले होते; त्यांच्या परतीची वाट कराराने बंद केली. कसोटी भाषेची नव्हती, धर्माची होती. त्यामुळे ज्यांना तुर्कीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती असे ख्रिस्ती ग्रीसमध्ये गेले, आणि ग्रीकच बोलणारे क्रीट बेटातील मुसलमान इझ्मीरच्या परिसरात येऊन राहिले. कोलोफोनच्या आश्रितांचा जुना तह येथे आठवावा. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशास याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर दोन्ही नावे दोन देशांत राहू लागली. अथेन्सजवळ निर्वासितांनी नवी वसाहत केली, तिचे नाव 'नेआ स्मिर्नी', म्हणजे नवी स्मिर्ना. इकडे जळालेल्या भूमीच्या एका भागावर तुर्की प्रजासत्ताकाने 'कुल्तुरपार्क' हे विस्तीर्ण उद्यान केले, ते इ. स. १९३६ मध्ये खुले झाले. इ. स. १९२८ मध्ये लिपी बदलली, आणि इ. स. १९३० च्या सुमारास परदेशी टपालावरही 'इझ्मीर' हेच रूप असावे असा आग्रह सरकारने धरला. नाव नवे झाले नाही. अनेक रूपांपैकी एकच रूप उरले. इ. स. १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे ग्रीक कवी सेफेरिस हे याच शहराजवळच्या उर्ला येथे जन्मले होते. आजही त्यांच्या चरित्रात जन्मस्थळ कोणत्या नावाने लिहावे, हे लिहिणाऱ्याच्या देशावरून ठरते. ३० ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा भूकंप झाला, आणि शंभरावर माणसे दगावली. सर्वांत अधिक हानी झाली ती बायराक्लीत, म्हणजे पहिल्या स्मिर्नेच्या शेजारीच.

मग या शहराविषयी लिहिताना आपण काय करावे? आमच्या मते काही साधे नियम पाळावेत. ज्या काळाविषयी लिहायचे, त्या काळचे नाव वापरावे : अरिस्टायडिसची 'स्मिर्ना', उमूर बेचे 'इझ्मीर'. दोन नावे एकाच वेळी चालत असतील, तर दोन्ही सांगावीत आणि कोण कोणते वापरी तेही सांगावे. आजच्या शहराला आजचे नागरिक म्हणतात तेच म्हणावे. 'मूळचे ग्रीक' किंवा 'सदैव तुर्की' ही विशेषणे टाळावीत; ग्रीकांच्या पूर्वीही तेथे माणसे होती आणि तुर्कांबरोबर इतरही होते. १९१९ सांगायचे, तर १९२२ ही सांगावे. आणि १९२२ सांगायचे, तर १९१९ गाळू नये. जळालेली स्मिर्ना सांगताना जळालेली मनिसाही सांगावी. असे लिहिल्याने कोणताच पक्ष पूर्ण संतुष्ट होत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याने पक्षांना संतुष्ट करण्याचे काम अंगावर घेतलेले नसते.

राहता राहिला तो कंस. 'इझ्मीर (जुने नाव स्मर्ना)' असे न लिहिता, 'इझ्मीर : स्मिर्ना या प्राचीन नावाचे तुर्की रूप' एवढे जरी आपल्या कोशांनी लिहिले, तरी पुष्कळ काम होईल. नाव पुसले गेले हा एक गैरसमज त्याने दूर होईल, आणि पुसली गेली ती माणसांची घरे, याकडे वाचकाचे लक्ष वळेल.